कागदाचे पैसे

आमच्या धंद्यात भाव ठरवायची जी रीत होती ती मुळातच चुकीची होती, हे कळायला मला तीस वर्षं लागली. तोवर धंदाच संपत आला होता.

मी लातूरचा. आमचा स्टुडिओ गंजगोलाईपासून पायी पाच मिनिटांवर. अब्बांनी तो सुरू केला, मी चालवला आणि मीच तो अर्ध्या शटरवर आणला. उरलेल्या अर्ध्यात आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. मी माझ्या अर्ध्यात बसतो आणि फॉर्मला, आधारला लागणारे फोटो काढतो. गिऱ्हाईक येतं, खुर्चीवर बसतं, फोटो निघतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो.

"कागद नको, काका. नुसता मोबाईलवर टाका. मग किती?"

"मजुरी तेवढीच," मी म्हणतो.

"कागद न देता तेवढीच?"

 हा प्रश्न विचारायला लोकांना आम्हीच शिकवलंय.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. पूर्वी गिऱ्हाईक आलं की त्याला बसवायचं, मान सरळ करायची, दिवे लावायचे, दोनदा बटण दाबायचं. मग अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, वाळवायची, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे देवीचे व्रण भरायचे आणि शेवटी कागदावर छापायचं. यातल्या कशाचेही पैसे आम्ही वेगळे लावत नव्हतो. भिंतीवरच्या पाटीवर एवढंच असायचं, तीन कॉपीला इतके, मोठ्या साईजला इतके. बसवण्याची, धुण्याची, डोळे फोडून केलेल्या कामाची सगळी मजुरी कागदाच्या भावात लपवलेली. त्यामुळं माणसाला वाटायचं आपण कागद घेऊन चाललो. आम्हालाही ते सोयीचं होतं, कारण निगेटिव्ह आमच्याकडंच राहायची. पुन्हा कॉपी हवी तर आमच्याच दारात यावं लागायचं. अब्बा त्या निगेटिव्हच्या डब्यांना "माझी पेन्शन" म्हणायचे. पाकिटावर जांभळ्या शाईचा शिक्का असायचा, 'निगेटिव्ह स्टुडिओच्या मालकीची राहील.' तो शिक्का मारायचं काम लहानपणापासून माझ्याकडं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या शिक्क्यावरून माझं भांडण फक्त एकदाच झालं, आणि ते भूकंपानंतर.

भूकंपाच्या आदल्या वर्षी मी औसा तालुक्याच्या बाजूला एका गावी शाळेचे ग्रुप फोटो काढायला गेलो होतो. बाकं मांडून, उंच पोरं मागं, मास्तर मधोमध. भूकंपात ते गाव गेलं. लातुरात आमच्या भिंतींना भेगा पडल्या, पण दुकान उभं राहिलं आणि डब्यांतल्या निगेटिव्ह जशाच्या तशा राहिल्या. दोन आठवड्यांनी त्या गावांतली माणसं आमच्याकडं यायला लागली. कुणाच्या लग्नाचा फोटो आम्ही काढलेला, कुणाच्या शाळेचा. घरातले फोटो दगडमातीखाली गेलेले. मी डबे उपसून चेहरे शोधायचो. अब्बांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "इनके पैसे नक्को ले." मी कुणाचेच घेतले नाहीत. कागद किती गेला त्याचा हिशोबही ठेवला नाही.

त्यात गिरिजाबाई होत्या. पस्तिशीच्या असतील, उजवा हात प्लास्टरमध्ये. सातवीतली लेक गेली होती. तिचा एकही फोटो कुठं नव्हता, फक्त आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये ती तिसऱ्या रांगेत होती. पुढच्या पोरीच्या रिबिनीमुळं अर्धी हनुवटी झाकलेली. मी तेवढाच चेहरा मोठा केला. सुपारीएवढा चेहरा वहीच्या पानाएवढा करायचा म्हणजे फिल्मचे दाणे फुटतात, नाकडोळे विरघळतात. पाच-सहा वेळा छापला तेव्हा कुठं माणसासारखा दिसला. गिरिजाबाईंनी तो डाव्या हातात धरला आणि उजेडाकडं नेला.

मग म्हणाल्या, "आन् ज्याच्यातून काढलाव ते?"

"निगेटिव्ह?"

"हाव. ती पट्टी द्या मला."

मी त्यांना समजावलं. निगेटिव्ह स्टुडिओची असते, कुणालाच देत नाही, तुम्हाला हव्या तेवढ्या कॉपी कधीही येऊन न्या, पैसे घेणार नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"पोरगी माझी," त्या म्हणाल्या, "आन् पट्टी तुमची?"

मी पाकीट उलटं करून शिक्का दाखवला. खरंच दाखवला. लेक गेलेल्या बाईला मी जांभळ्या शाईचा शिक्का दाखवला. अब्बा काउंटरच्या पलीकडं बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर मी दिली असती. पण नियम त्यांचाच होता, आणि फुकट कॉपी देऊन आपण आपलं माणूसपण दाखवलंय असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

त्या दोनदा परत आल्या, एकेक कॉपी घेऊन गेल्या. नंतर आल्या नाहीत. नव्या वसाहतीत घर मिळालं, एवढं कळलं होतं.

त्या निगेटिव्हचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा मी अंधारी खोली मोडून तिथं कॉम्प्युटर बसवला. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो. नांदेडहून एक माणूस जुन्या फिल्मा किलोवर विकत घ्यायला यायचा. जाळून, आम्लात टाकून तो त्यातली चांदी काढायचा. मी त्याला अकरा डबे दिले. त्यातल्या एकाही डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते पाहिलं नाही. जी वस्तू आमच्या मालकीची म्हणून मी एका आईला दिली नव्हती, ती तराजूत टाकली. अब्बा तेव्हा हयात नव्हते. असते तरी मी विकलीच असती बहुतेक. जागा हवी होती.

डिजिटल आलं तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. फिल्मचा खर्च नाही, वाया गेलेल्या कागदाचा खर्च नाही. आपण आपल्याच मजुरीचा कागद काढून टाकतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मुदखेडला एका लग्नाचं काम केलं होतं, दोन दिवसांचं. सहाशेवर फोटो. अल्बम ठरला होता. लग्न झाल्यावर नवरीचे मामा पेनड्राइव्ह घेऊन आले.

"अल्बम कॅन्सल. याच्यात टाका सगळे. आम्ही बघू कुठं छापायचे ते."

"टाकतो. पण दोन दिवसांची मेहनत आहे, तिचे पैसे..."

"अहो भाई, या मशीनमधून त्या मशीनमध्ये टाकायचं. त्याला काय लागतंय? लाईट बिलाचे घ्या वाटल्यास."

ते चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं मी त्यांना कागदच विकला होता. आता कागद नाही म्हटल्यावर उरलं काय? मी पुष्कळ ओढाताण केली आणि अर्ध्यावर तडजोड केली. असं दर लग्नसराईत होऊ लागलं. काही जणांनी फाईलचा वेगळा भाव लावायला सुरुवात केली, काहींनी फुकट देऊन गिऱ्हाईक ओढलं. मी मधल्यामधे राहिलो. फुकट द्यायला जीव होत नव्हता आणि भाव सांगायला तोंड उघडत नव्हतं.

या काळात आम्हाला वाचवलं ते कोचिंग क्लासेसनी. लातुरात त्यांचं पेव फुटलं होतं. जळकोट, उदगीर, चाकूर, पार नांदेडकडूनही पोरं येऊन खोल्या करून राहायची. प्रत्येक पोराला फॉर्मवर फोटो, हॉलतिकिटावर फोटो, ओळखपत्रावर फोटो. जून महिन्यात आमच्या दारात रांग लागायची. चौकातल्या एका मोठ्या क्लासचं ओळखपत्रांचं काम मला मिळालं, चार हजार पोरांचं. त्यासाठी कार्ड छापायचं मशीन घेतलं. बायकांच्या नावावर कर्जाला व्याज कमी होतं, म्हणून कर्ज माझ्या बायकोच्या, नसीमच्या नावावर काढलं. मग बँकेला दुकानही तिच्याच नावावर दाखवावं लागलं. लेटरहेडवर 'प्रोप्रायटर' म्हणून तिचं नाव आलं. ती काउंटर सांभाळायची, फोटो कापायची, पोरांच्या कॉलरी सारख्या करायची. सही मात्र बँकेपुरतीच.

क्लासचे मालक सगळ्यांना 'सर' म्हणूनच माहीत. बोलायला गोड माणूस. त्या वर्षी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दुकानात आले. हातात नऊ नावांची यादी.

"मुनीरभाई, ह्या पोरांचे फोटो असतील ना तुमच्याकडं? सगळ्यांनी फॉर्मचे फोटो तुमच्याकडंच काढलेत. पेनड्राइव्हवर द्या. होर्डिंग लावायचेत, लातूर आणि नांदेड दोन्हीकडं."

मी यादी पाहिली. "सगळी तुमचीच पोरं?"

"आपल्या टेस्ट सिरीजला बसली होती. म्हणजे आपलीच."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. फाईलचा भाव सांगायची संधी समोर उभी होती, आणि समोरचा माणूस मुदखेडच्या मामासारखा नव्हता. मी छाती पुढं काढून म्हणालो, "सर, कागदाचा भाव वेगळा आणि फाईलचा वेगळा. होर्डिंगला वापरणार म्हणजे फाईलचे पाचशे. एकेका फोटोचे."

त्यांनी खिशात हात घातला. "साडेचार हजार. बरोबर?"

घासाघीस नाही, कपाळाला आठी नाही. पोरांकडून आठ कॉपीचे तीस रुपये घेतले होते, त्याच चेहऱ्याला आज पाचशे मिळाले. नसीम तेव्हा आत होती. बाहेर आल्यावर मी तिला नोटा दाखवल्या. आमच्या घरात दखनी बोलतात, इथं मराठीत सांगतो. मी म्हणालो, "आज पहिल्यांदा फाईलचा भाव आला."

ती म्हणाली, "पोरांना विचारलंस?"

"पोरांना काय विचारायचं? फोटो मी काढलेत."

होर्डिंग लागली. नऊ चेहरे, वर सरांचा हात जोडलेला फोटो. जाता-येता मी त्याकडं पाहायचो. चेहऱ्यांवरचा उजेड मी पाडलेला होता. एवढ्या मोठ्या आकारातही फोटो फुटले नव्हते, याचंही बरं वाटायचं.

एका शनिवारी दुपारी एसटीच्या खाकी गणवेशात एक माणूस दुकानात आला. खांद्यावर तिकिटाच्या मशीनचा पट्टा तसाच. उदगीर डेपोचे कंडक्टर, वाघमारे, मूळचे जळकोटचे. त्यांची मुलगी सुजाता त्या नवांत होती, वरच्या ओळीत डावीकडून दुसरी.

"तो फोटो तुमच्याकडं काढला होता," ते म्हणाले. "त्यांना तुम्ही दिला?"

मी हो म्हणालो. तोवर मला वाटत होतं, हे आणखी कॉपी मागायला आलेत.

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ड्युटीवर असताना नांदेडच्या चौकात त्यांनी आधी होर्डिंग पाहिलं होतं. बसमधल्या लोकांना बोट करून दाखवलं, "ती माझी लेक." कुणीतरी सीटवरून उठून त्यांच्याशी हात मिळवला. सुजाता शिकली होती नांदेडच्या एका दुसऱ्याच क्लासमध्ये. लातुरात ती मावशीकडं महिनाभर होती, तेव्हा सरांच्या टेस्ट सिरीजचे चार पेपर तिनं दिले आणि आमच्याकडं फोटो काढला, एवढाच तिचा लातूरशी संबंध. नांदेडच्या क्लासनं तिची एक लाख दहा हजाराची फी माफ केली होती, पण तिच्याकडून लिहून घेतलं होतं की निकाल आल्यावर दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीला फोटो द्यायचा नाही. दिला तर सगळी फी भरायची. होर्डिंग पाहिल्यावर नांदेडचे क्लासवाले म्हणाले, तुम्ही लातूरवाल्यांकडून पैसे खाल्ले. बारावीची मूळ मार्कशीट त्यांच्याच कपाटात होती. फी भरा, मग घेऊन जा. आणि प्रवेशासाठी मूळ कागद गुरुवारी दाखवायचे होते.

"त्यांचं म्हणणं असंय," वाघमारे म्हणाले, "का फोटोवाल्यानं आमच्या परवानगीबिगर दिला, असं लिहून आणा. मग आम्ही सोडतो. तेवढं तुम्ही लिहून द्या. दुसरं काय मागत न्हाई."

 असं लिहून देणं म्हणजे सरांच्या विरोधात लिहिणं. चार हजार ओळखपत्रं, मशीन, कर्जाचे अजून दोन वर्षांचे हप्ते, सगळं डोळ्यांसमोर आलं. पोरीची मार्कशीट सगळ्यात शेवटी आली. हे आज लिहितानाही बोट अडतंय, पण ते तसंच होतं.

"लेटरहेड संपलेत," मी म्हणालो. "सोमवारी या."

"सोमवारी नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रोज शंभर माणसांची थापेबाजी पाहणारे डोळे ते. खांद्यावरचा पट्टा सारखा करून उठले.

सोमवारी मी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो, कार्डांची शाई आणायला. शाई लातुरातही मिळत होती. दिवसभर मी नांदेडच्या बाजारात उगाच फिरलो. त्या चौकातलं होर्डिंगही मला दिसलं. खालून पाहिलं तर पोरगी थोडी हसत होती. मीच तिला म्हणालो असणार, "थोडं हस, फॉर्मवर चालतं."

संध्याकाळी घरी आलो तर नसीमनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"वाघमारे आले होते," ती म्हणाली. "लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

"जे झालं ते. फोटो आम्ही काढला, मुलीला न विचारता आम्ही तो विकला, मुलीनं आणि तिच्या बापानं एक पैसा घेतला नाही. शिक्का मारला, सही केली."

"सही कुणी?"

"प्रोप्रायटर कोण आहे?"

मी तिच्यावर ओरडलो. सरांचं काम जाणार, हप्ते कोण भरणार, तुला धंद्यातलं काय कळतं, जे जे नवरे बोलतात ते सगळं बोललो. तिनं ते ऐकून घेतलं.

"कर्ज माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "बुडालं तर माझंच नाव बुडेल. तू जेव."

मार्कशीट बुधवारी मिळाली. नांदेडच्या क्लासनं त्या पत्राची प्रत लातूरच्या सरांना पाठवली, वकिलाच्या पत्रासकट. सरांनी होर्डिंगवरच्या सुजाताच्या चेहऱ्यावर दुसऱ्या एका पोराचा चेहरा चिकटवून घेतला आणि मला फोन केला. आवाज तसाच गोड.

"मुनीरभाई, मनावर घेऊ नका. धंदा आहे. पुढच्या वर्षी कार्डांचं आम्ही दुसरीकडं बघतो."

म्हणजे व्हायचं ते नुकसान झालंच. ते पत्र मी शनिवारीच लिहून दिलं असतं, तर नुकसान तेवढंच झालं असतं आणि निदान एका माणसासमोर मान वर राहिली असती. मशीन सहा महिन्यांनी नांदेडच्या एकाला निम्म्या किमतीत गेलं. शटरचा अर्धा भाग भाड्यानं दिला. नसीमनं शिवणकाम धरलं आणि उरलेले हप्ते तिनं फेडले. त्याबद्दल ती मला कधी बोलली नाही. मीही कधी तिच्याकडं तो विषय काढला नाही. माफी मागायची राहूनच गेली.

सुजाताला मेडिकलला जागा मिळाली. वाघमारे पेढे घेऊन आले. मी हात पुढं केला. त्यांनी पुडा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "मॅडम कुठंत?" नसीम आतून आली तेव्हा त्यांनी तो पुन्हा उचलून तिच्या हातात दिला.

मग माझ्याकडं वळले. "एक काम आहे. तिचा फोटो तुमच्या कॉम्प्युटरमधून काढून टाका. माझ्यासमोर."

मी खुर्ची त्यांच्याकडं फिरवली, नाव शोधलं, फोटो पडद्यावर आणून दाखवला आणि पुसला.

"गेला?"

"गेला."

"सगळीकडून?"

"माझ्याकडून गेला."

"मला कसं समजायचं?"

मी पडद्याकडं पाहिलं. निगेटिव्ह असती तर मी त्यांच्यासमोर कात्रीनं कापली असती, तुकडे त्यांच्या हातात दिले असते. इथं देण्यासारखं काहीच नव्हतं. सरांच्या पेनड्राइव्हवर होता, फ्लेक्स छापणाऱ्याकडं होता, आणखी कुठं कुठं असेल ते मलाही माहीत नव्हतं. विश्वास ठेवा, असं म्हणायची सोय मी स्वतःच घालवली होती. ते निघून गेले.

यानंतर मी पाटी बदलली. पहिली ओळ फोटो काढण्याच्या मजुरीची, तिचे वेगळे पैसे, कागद घ्या वा न घ्या. खाली कागदाचा भाव. फाईल ज्याचा चेहरा आहे त्यालाच मिळेल आणि तिचे पैसे नाहीत. दुसऱ्या कुणाला हवी असेल तर ज्याचा चेहरा त्याला घेऊन या. लोक पाटी वाचतात आणि तरीही विचारतात, कागद नको, मग किती. निम्मे उठून पुढच्या दुकानात जातात. आता मोबाईलवरच सगळं होतं, तेव्हा पुढचं दुकानही फार दिवस चालेल असं नाही.

दोन वर्षांमागं चाकूरला एका नातेवाइकाकडं गेलो होतो. परतताना गाडी बंद पडली म्हणून रस्त्याकडेच्या शेतात पाणी मागायला शिरलो. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी होती आणि तिच्यावर फ्लेक्स ताणून बांधला होता. होर्डिंग उतरलं की फ्लेक्स स्वस्तात विकले जातात, पावसाळ्यात ताडपत्रीऐवजी चालतात. हा जुना होता, रंग उडालेला, आणि त्यावर चिकटवलेला पोराचा चेहरा पावसानं सुटून गेला होता. खालून सुजाता दिसत होती. एका डोळ्यावरून दोरी गेलेली.

शेतकरी म्हातारा होता. मी त्याला म्हणालो, "बाबा, हा फ्लेक्स मला द्या. किती घ्याल?"

"कशाला पायजे?"

"पाहिजे."

तो हसला. "आन् माझा कडबा? पाऊस तोंडावर आलाय. हज्जार रुपये दिलात तरी आज ताडपत्री कुठून आनू?"

त्याचं बरोबर होतं. मी फ्लेक्सचा कोपरा उचलून पाहिला. मग म्हणालो, "मग उलटा टाकू या का? चेहरे आतल्या बाजूला."

"उलटा टाकल्यावर गळंल का?"

"नाही गळणार. पाठ कोरीच असते."

त्यानं खांदे उडवले, पण दोऱ्या सोडायला लागला. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता, दोनदा हातातून सुटला. गंजीवरून ओढून आम्ही तो पालथा केला आणि पुन्हा दगड बांधले. वर आता नुसतं मळकं पांढरं.

हात झटकत म्हाताऱ्यानं विचारलं, "त्यातली कोन लागती तुमची?"

"गिऱ्हाईक होती," मी म्हणालो आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातून घेतला.